आईचा टीबी आणि आमच्या आशाताई

लग्न झाल्यापासून आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. सोलापुरात आमच्या गल्लीत विडीवाल्या बायकांचा खोकला कुणी मनावरच घेत नाही.

सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंनी, म्हणजे आमच्या वस्तीच्या आरोग्य स्वयंसेविकेनं, मात्र दारातच विचारलं, "मावशी, खोकल्याला दोन आठवडे होऊन गेले का? संध्याकाळी कणकण येते?" थुंकीसाठी दोन डब्या दिल्या. एक नमुना लगेच, दुसरा सकाळी उठल्या उठल्या. नुसती लाळ चालत नाही, छातीतला बेडका लागतो, हे त्यांनी स्वतः खाकरून दाखवलं.

टीबी निघाला. वजनावर गोळ्या ठरल्या, सगळं मोफत. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. "लघवी केशरी होईल, घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे," हे ताईंनी आधीच सांगितलं होतं. नाहीतर आईनं पहिल्याच दिवशी गोळ्या फेकल्या असत्या! घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, माझ्या लहान लेकीला प्रतिबंधक औषध सुरू झालं.

खरी कसोटी पुढे होती. ताप गेला, भूक लागायला लागली आणि आई म्हणाली, "बरी झाले की मी, आता कशाला पोट जाळायचं?" आमचं ती ऐकेना. ताई उंबऱ्यावर बसायच्या, आईच्या विड्यांच्या कट्ट्या बांधू लागायच्या आणि बोलता बोलता गोळ्यांची रिकामी पाकिटं मागून मोजायच्या. "मावशी, जंतू दबलेत, मेले नाहीत. मध्येच सोडलं तर पुढे हीच औषधं लागू पडणार नाहीत." शेजारीण डोकावली की विषय बदलून नातीच्या लसीवर यायच्या. आईला याचंच सगळ्यात बरं वाटायचं.

निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला खाण्यापिण्यासाठी महिना १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. आईचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, तेही ताईंनीच मागे लागून करून घेतलं. त्यातून दूध-अंडी सुरू झाली.

शेवटची थुंकी निगेटिव्ह आली. असा एक साधा टीबीचा रुग्ण शेवटपर्यंत सांभाळला की आशा स्वयंसेविकेला १००० रुपये मिळतात, तेही उपचार पूर्ण झाल्यावर. सोलापूरच्या उन्हात सहा महिने घातलेल्या खेपांचे एवढेच? आरोग्य केंद्रातल्या मॅडमना मी हे तोंडावर विचारलं, आणि पुन्हा विचारणार आहे.