आधी अ‍ॅक्सल घट्ट, मग ब्रेक मोठे

मोठे टायर चढले की गाडी थांबेना, म्हणून मोठे कॅलिपर (डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) मागवले जातात. ते बसतात, पेडल तरी खोलच जातं, आणि दोष कॅलिपरवर येतो. बहुतेक वेळा दोषी असतं त्याच्या मागचं ढिलं व्हील बेअरिंग. बेअरिंगमध्ये प्ले (सैलपणा) असला की वळणात किंवा दगडांवर डिस्क जराशी कलते आणि पॅडसकट पिस्टन आत रेटते. पुढच्या वेळी पेडल दाबलं की पहिला दाब ती फट भरण्यातच खर्च होतो. दोनदा पंप केल्यावर पेडल वर येतं, म्हणून लोक लाइनमध्ये हवा शोधत बसतात. कितीही ब्लीडिंग करा (लाइनमधली हवा काढा), ही तक्रार जात नाही.

म्हणून अ‍ॅक्सलची दुरुस्ती आणि मोठे ब्रेक ही दोन्ही कामं एकदमच करावीत. दुसरं कारण सरळ सोयीचं आहे. टोयोटाच्या सॉलिड फ्रंट अ‍ॅक्सलमध्ये (पुढची दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल; जुनी हायलक्स, लँड क्रूझरच्या ६० आणि ८० सीरिज) डिस्क हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मागच्या बाजूला बोल्टने बसवलेली असते. डिस्क बदलायची तर हब काढावाच लागतो, आणि हब निघाला की पूर्ण नकल (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) अवघ्या काही बोल्टांवर उरलेला असतो. खाली लिहिलेलं याच घडणीबद्दल आहे. आकडे ८० सीरिजचे आहेत, दुसऱ्या गाडीला तिच्या मॅन्युअलमधले घ्यावेत.

खोलण्याआधी पाच मिनिटं तपासणीला द्या. चाक जमिनीवरून उचला, टायर वरून आणि खालून धरून हलवा. खडखड जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, तशीच राहिली तर नकलचं बेअरिंग. मग नकलच्या मागे, अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोळ्यावर काय साचलंय ते पाहा. घट्ट ग्रीसचा पातळ थर असेल तर ठीक. काळं, पाण्यासारखं पातळ काही टायरच्या आतल्या बाजूला ओघळत असेल, तर ते ग्रीस नव्हे. आतलं ऑइल सील गेलंय, डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस विरघळवतंय. बाहेरचे फेल्टचे वायपर सील बदलून ही गळती थांबत नाही. ते धूळ आणि पाणी अडवण्यासाठी आहेत, तेल अडवण्यासाठी नाहीत.

सील का गेलं हेही बघायला हवं. अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) चिखलाने बंद असेल तर तापलेल्या हाउसिंगमध्ये दाब साचतो आणि तेल सीलमधून वाट काढतं. तोच तापलेला अ‍ॅक्सल थंड ओढ्यात उतरला की उलटा प्रकार होतो, आतली हवा आकसते आणि सील पाणी ओढून घेतं. नळी जोडून ब्रीदर बॉनेटच्या उंचीपर्यंत नेणं हे या सगळ्या कामातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त टाळलं जाणारं काम.

एका खेपेला लागणारं सामान: दोन्ही बाजूंची आतली ऑइल सील, वायपर सीलचे संच, गॅस्केट, नकलची चार टेपर बेअरिंग, व्हील बेअरिंगचे दोन्ही संच, हबची सील, नवे लॉक वॉशर, आणि मॉलिब्डेनमचं ग्रीस, एका बाजूला साधारण अर्धा किलो धरून. व्हील बेअरिंगच्या नटासाठी ५४ मिमीचा खोल सॉकेट लागतो. छिन्नी-हातोड्याने तो नट फिरवलेल्या गाड्या लगेच ओळखू येतात, नटाच्या कडा चावलेल्या असतात. अशा नटाला मोजून टॉर्क (आवळण्याचा जोर) देताच येत नाही. स्प्रिंगचा वजनकाटा मात्र विसरू नका. त्याच्याविना या कामात नुसता अंदाज उरतो.

गाडी स्टँडवर घ्या, मागच्या चाकांना ओट लावा. कॅलिपर काढून तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. हबचा फ्लँज आणि स्टिअरिंग आर्म यांच्या स्टडवर शंकूच्या आकाराचे, एका बाजूने फाटलेले वॉशर असतात. नट काढले तरी ते जागचे हलत नाहीत. नट स्टडच्या टोकाशी समपातळीत ठेवून पितळी ड्रिफ्टने स्टडवर सरळ ठोका, वॉशर टिणकन उडतो. लोखंडी हातोड्याने स्टडचे आटे बसतात, आणि मग खरं काम सुरू होतं.

नकलची बेअरिंग उतरल्यावर त्यांच्या वाट्या बोटाने चाचपून बघा. सरळ चालवताना रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी ठोके खात असतात, म्हणून वाटीत बारीक खाचा पडतात. स्टिअरिंग मधोमध आलं की ते त्या खाचांत अडकल्यासारखं वाटतं, आणि खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरतं तेही यामुळेच. वाटी आणि बेअरिंग जोडीनेच बदलावं. वरच्या आणि खालच्या झाकणाखालचे शिम (पातळ पत्र्या) वेगवेगळ्या पिशव्यांत, जागेचं नाव लिहून ठेवा. अ‍ॅक्सल शाफ्ट नकलच्या मध्यातून जातो की नाही हे ते शिम ठरवतात, त्यामुळे वरचे खाली गेले तर केंद्र सरकतं आणि नवीन सील एका बाजूने झिजायला लागतं.

सीव्ही जॉइंटला (चाक वळलेलं असतानाही ते फिरवणारा शाफ्टचा सांधा) सगळे बिरफिल्ड म्हणतात. ते कंपनीचं नाव, मूळ रचना आल्फ्रेड झेप्पाची, १९२०च्या दशकातली. आत सहा गोळ्या आणि पिंजरा असतो. आतली रेस तिरकी करून गोळ्या एकेक बाहेर काढाव्यात, डिझेलने धुवाव्यात आणि पिंजऱ्याच्या खिडक्यांच्या कडांना चीर आहे का ते उजेडात पाहावं. चीर असेल तर जॉइंट टाकूनच द्या. नुसता घासलेला पट्टा असेल तर डावा जॉइंट उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावता येतो. पुढे जाताना ज्या बाजूवर भार येत होता ती बदलते आणि वळणातला कटकट आवाज बहुधा जातो. भरताना ग्रीस तळहाताने दाबून, पलीकडून बाहेर येईपर्यंत आत घाला. वरवर फासलेलं ग्रीस पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच बाहेर फेकलं जातं.

आतलं सील बसवण्याआधी शाफ्टवर सीलची ओठ फिरते ती जागा नखाने तपासा. नख अडकत असेल तर तिथे खाच आहे, आणि नवीन सीलही गळणार. अशा वेळी सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमी आत ठोकलं तर ओठ कोऱ्या धातूवर येते. शाफ्ट आत सरकवताना त्याचं वजन सीलवर टेकू देऊ नका. स्प्लाइनची (शाफ्टवरच्या दात्यांची) एक ओरखड पुरते, आणि ती दिसते पाचशे किलोमीटरनंतर, टायरवर.

आता मोजमाप. नकल बसवा, पण वायपर सील आणि शाफ्ट अजून बाहेरच असू द्या, टाय-रॉडही (दोन्ही चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) सुटलेला हवा. स्टिअरिंग आर्मचे नट ९६ न्यूटन-मीटरला घट्ट करा. आर्मच्या टोकाच्या छिद्रात वजनकाटा अडकवून काटकोनात ओढा. नकल फिरायला लागण्यासाठी ३ ते ६ किलोचा ओढ लागायला हवा. कमी लागला तर शिम कमी करा, जास्त लागला तर वाढवा, आणि वर-खाली दोन्हीकडे सारखे, नाहीतर केंद्र बिघडेल. हे पाऊल गाळल्यामुळेच ‘सगळं नवीन टाकलं तरी स्टिअरिंग थरथरतं’ अशी तक्रार येते.

माप बरोबर आलं की वायपर सील आणि शाफ्ट बसवा. शाफ्ट आत गेल्यावर नकलची पोकळी तीन चतुर्थांश ग्रीसने भरा. स्पिंडलचे (हब ज्यावर फिरतो त्या नळीचे) बोल्ट ४६ न्यूटन-मीटर. स्पिंडलच्या आतल्या पितळी बुशमध्येही ग्रीस हवं, ते हमखास राहून जातं. हब चढवल्यावर आतला नट आधी ५९ न्यूटन-मीटरला आवळा, हब दोन्हीकडे फिरवा, पुन्हा ५९ला आवळा. मग हाताने फिरेल इतका सैल करा आणि ५.४ न्यूटन-मीटरला परत आवळा. व्हील स्टडला काटा लावून ओढल्यावर हब साधारण २.९ ते ५.७ किलोला फिरायला लागायला हवा. त्यानंतर लॉक वॉशर आणि बाहेरचा नट ६४ न्यूटन-मीटरला. बाहेरचा नट आवळताना आतल्यावर भार येतो, म्हणून काटा पुन्हा लावून बघा. माप हुकलं असेल तर खोलून परत. मग वॉशरची एक जीभ आतल्या नटावर आणि एक बाहेरच्यावर दुमडा. शाफ्टच्या टोकाची सर्कलिप (शाफ्ट अडवणारी रिंग) बसत नसेल तर तिथल्या आट्यात ८ मिमीचा बोल्ट घालून शाफ्ट बाहेर ओढून धरा.

इथपर्यंत आलो म्हणजे नवीन ब्रेकला बसायला जागा झाली. टायर ३१ इंचांवरून ३५वर गेला तर त्रिज्या सुमारे १३ टक्क्यांनी वाढते, म्हणजे तितकंच थांबण्यासाठी हबवर १३ टक्के जास्त ब्रेक टॉर्क लागतो. टायरचं वाढलेलं वजन वेगळंच. हा टॉर्क तीन मार्गांनी मिळतो: मोठा पिस्टन, मोठ्या व्यासाची डिस्क, किंवा जास्त पकडीचे पॅड. जाड व्हेंटिलेटेड डिस्कमुळे टॉर्क वाढत नाही, उष्णता सहन होते. घाट उतरताना फायदा तिचाच. मात्र तिला रुंद कॅलिपर लागतो आणि बऱ्याचदा मागचा डस्ट शील्ड कापावा लागतो. काही ऑर्डर करण्यापूर्वी रिमच्या आत कॅलिपर मावतो का ते मोजा.

सगळ्यात जास्त घोळ मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबल्यावर लाइनमध्ये तेल ढकलणारा भाग) होतो. पिस्टन मोठे झाले की तेल जास्त लागतं आणि पेडल खाली जातं. मग ७/८ इंचाच्या जागी १ इंचाचा मास्टर बसवतात. क्षेत्रफळ ३८८वरून ५०७ चौरस मिलिमीटर होतं, म्हणजे ३१ टक्के वाढ. पेडल वर येतं, कडक लागतं, आणि मालक खूश होतो. पण पायाचा जोर तोच असेल तर लाइनमधला दाब सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेला असतो. कॅलिपर न बदलता नुसता मास्टर मोठा केला तर ब्रेक आधीपेक्षा कमजोर होतो, फक्त तसा वाटत नाही. दोन्ही बदल एकाच प्रमाणात हवेत.

मागच्या अ‍ॅक्सलकडेही लक्ष द्या. जिथे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मागच्या भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असतो तिथे गाडी उंच केली की त्याचा दांडा खाली ओढला जातो, व्हॉल्व्हला मागे भारच नाही असं वाटतं आणि तो मागचा दाब कमी करतो. गाडी जितकी उंच केली तितका व्हॉल्व्हच्या दांड्याचा ब्रॅकेट वर उचलला की हे सुटतं. होज स्प्रिंग पूर्ण लोंबलेली असताना आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून तपासा. तेव्हा ती ताणली जात नसेल तरच लांबी पुरेशी.

कॅलिपरचा ब्लीडिंग निपल वरच्या बाजूला हवा. डावा-उजवा उलटा लागला तर तो खाली जातो आणि हवा कधीच निघत नाही. ही चूक कसलेले लोकही करतात. मास्टर आधी बाकावरच ब्लीड करा. डॉट ४ तेलाचा उकळबिंदू कोरं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५, म्हणून उघड्या बाटलीतलं जुनं तेल वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. नवे पॅड ताशी ५०वरून १०पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू दाबून जुळवून घ्या, मध्ये पूर्ण थांबू नका, आणि नंतर थंड होऊ द्या.

पहिल्या फेरीनंतर दोन्ही हबला हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा कॅलिपर अडकतोय. चाक उचलून फिरवलं की कोणतं ते कळतं. स्टिअरिंग आर्मचे नट मात्र ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेतच. मोठ्या टायरच्या झटक्यांनी ते सैल होतात, आणि सैल झालेला आर्म स्टड कापतो. आवळून झाल्यावर नटावरून झाकणापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवली की पुढच्या वेळी पाना न लावताही हललेला नट दिसतो.