चार गुणिले पाच

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी "मॅडम, घरी चालत होतं" हे वाक्य आमच्या लॅबमध्ये इतक्यांदा ऐकू येतं की कानावर पडलं तरी मान वर होत नाही. पॉलिटेक्निकमध्ये सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचं ते माझं नववं वर्ष. या वाक्यावरचा विश्वास तर दुसऱ्याच वर्षी उडाला होता.

त्या दिवशी एका मुलीला चिठ्ठीत सोपा प्रश्न निघाला. दोन संख्या आणि मधलं चिन्ह कमांड लाइनवरून (प्रोग्राम चालवताना त्याच्या नावापुढे टाइप केलेल्या शब्दांतून) घ्या आणि उत्तर छापा. पोरगी हुशार, वीस मिनिटांत लिहून मोकळी झाली. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून आलेले सर वयाने मोठे आणि शिस्तीचे. तिच्या मागे उभे राहून त्यांनी ४ + ५ द्यायला सांगितलं, ९ आले. वजाबाकी झाली, भागाकार झाला. मग ४ * ५. पडद्यावर तिनेच लिहिलेला संदेश उमटला: "दोन संख्या आणि एक चिन्ह द्या."

"दिलंय की," ती पुटपुटली. पुन्हा एंटर, पुन्हा तेच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, खरंच घरी चालत होतं."

सर म्हणाले, "मॅडम, गुणाकाराची केसच लिहिलेली दिसत नाही हिने. बघा जरा."

बघितलं. केस, म्हणजे त्या चिन्हासाठीचा कोडचा तुकडा, होती; तो संपवणारा ब्रेकही होता. या प्रोग्रामात पोरं हमखास जिथे पाय घसरून पडतात त्या जागाही तपासल्या. कमांड लाइनवरचे शब्द प्रोग्रामला आर्गव्ही नावाच्या यादीत मिळतात; तिच्यात येतं ते सगळं अक्षरांच्या रूपात, त्यामुळे "४" हा आकडा नसून मजकूर असतो. मजकुराचा आकडा करणाऱ्या एटूआयमधून तो न काढता थेट बेरीज करायला गेलं की टर्बो सी हा जुना कंपायलर 'इन्व्हॅलिड पॉइंटर अ‍ॅडिशन' म्हणून ओरडतो. चिन्ह तपासताना अर्धा वर्ग दोन स्ट्रिंगा, म्हणजे मजकुराचे तुकडे, 'इक्वल टू इक्वल टू'ने जोखतो, म्हणजे मजकूर सोडून त्यांचे मेमरीतले पत्ते ताडून बघतो, आणि मग कुठलंच चिन्ह जुळत नाही. हिने यातलं काहीच केलं नव्हतं. मधल्या आर्ग्युमेंटचं पहिलं अक्षर योग्य केस निवडणाऱ्या स्विचला दिलं होतं. आर्गसी, म्हणजे आलेल्या शब्दांची संख्या, चार आहे का, हेही आधी तपासलं होतं: प्रोग्रामचं नाव धरून चार. संदेश छापला जात होता तो तिथेच.

म्हणजे आर्गसी चार नव्हता. मग किती होता? ती ओळ मी स्वतः टाकली. पडद्यावर आलं ६.

टाइप केलेले तीन शब्द आणि नाव, त्याचे सहा कसे? सर आता वाकून बघू लागले. मुलीला म्हटलं, "अगं, लूप लाव आणि सगळी आर्गव्ही छाप." तिने लावला. एकाखाली एक आलं: प्रोग्रामचं नाव, ४, ए.आउट, कॅल्क.सी, प्राइम.सी, ५.

तिच्या फोल्डरमधल्या फाइली! गुणाकाराचा स्टार कुठेच नव्हता.

सर मोठ्याने हसले. म्हणाले, "अहो, शेल! युनिक्सवर एक्स्पीआर कमांडने गणित करताना आम्ही स्टारच्या आधी उलटी तिरकी रेघ मारायचो. विसरलोच होतो." स्टार म्हणजे या फोल्डरमधलं सगळं, हा अर्थ बॅश, म्हणजे टाइप केलेली कमांड आधी वाचणारा शेल, लावतो, आणि तोही प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी. फाइलींची नावं त्या जागी भरून मगच प्रोग्रामला हाक मारतो. (सुरुवातीच्या युनिक्समध्ये, १९७१ च्या सुमारास, या कामाला 'ग्लॉब' नावाचा वेगळाच प्रोग्राम होता, हे मी मागाहून वाचलं.) हिच्या प्रोग्रामला स्टार कधी दिसलाच नव्हता, तर तो गुणाकार कशाचा करणार?

घरी मात्र खरंच चालत होतं. घरी तिच्याकडे टर्बो सी होतं. तिथे रन मेनूतल्या आर्ग्युमेंट्सच्या चौकटीत ४ * ५ लिहायचं, मध्ये कुठला शेल येत नाही, स्टार जसाच्या तसा आत जातो. आम्हीही वर्षभर लॅबमध्ये डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तेच केलं होतं. परीक्षेच्या तोंडावर नवी मशिन्स आली आणि त्यांवर फक्त उबुंटू लिनक्स होतं, म्हणजे मध्ये बॅश आलाच. शिवाय माझ्या लॅब मॅन्युअलमधलं उदाहरण बेरजेचं. तेही नऊ वर्षं तेच. त्याच्या खाली मीच लिहिलेली ओळ: "आपण जे टाइप करतो ते आर्गव्हीमध्ये येतं." ती ओळ आठवून मला त्या एसीतही घाम फुटला.

मुलीला विचारलं, "आता काय करशील?" तिने स्टारला अवतरणचिन्हांत घातलं. २०. सरांचं तेवढ्यावर समाधान होईना. म्हणाले, "अवतरणं न देता २० आणून दाखव. प्रोग्रामला हात लावायचा नाही."

मला वाटलं, झालं, आता अडकली. ती थोडा वेळ की-बोर्डकडे बघत बसली. मग एक नवा, रिकामा फोल्डर केला, त्यात शिरली आणि बाहेरच्या फोल्डरमधला ए.आउट, म्हणजे तिचा तयार प्रोग्राम, तिथून चालवला, ४ * ५ असंच देऊन. २० आले. जुळणारी एकही फाइल नसेल तर बॅश स्टार तसाच पुढे ढकलतो. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं, मला तरी कुठे नीट आठवत होतं! "कसं सुचलं?" म्हटलं तर म्हणाली, "फाइलीच नसतील तर तो भरणार काय, असं वाटलं."

सर पेन काढून मार्कांच्या तक्त्याकडे वळले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, एक मिनिट." त्या रिकाम्या फोल्डरमध्ये तिने टच कमांडने एक फाइल तयार केली. फाइलचं नाव फक्त '+'. मग वरचा बाण दाबून मघाचीच कमांड आणली, ४ * ५, आणि एंटर.

उत्तर आलं ९.

सरांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे मी उद्या पुढच्या कॉलेजात विचारणार," म्हणाले आणि पुढचा रोल नंबर पुकारला.