वळली की मरते

बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका नाखवांची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मशीन. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत ती घरामागे प्लास्टिकखाली पडून होती. बंदी उठल्यावर रडगाणं सुरू झालं: पाण्याच्या ड्रमात उभी करून तपासली तर तासभर चालते, खाडीत नेली की मरते. माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका मेकॅनिकने प्लग बदलले, मग कॉईल, शेवटी सीडीआय, म्हणजे ठिणगीचा करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तोसुद्धा. सीडीआय महाग, त्यामुळे नाखवा मशीनपेक्षा जास्त तापलेले.

मी विचारलं, "मरते म्हणजे कशी नाखवा? आचके देत, की फटकन?"

"फटकन. बटन दाबल्यासारखी. दोरी ओढली का परत चालू."

अर्धं काम तिथेच झालं. पेट्रोल कमी पडलं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला, तर इंजीन आधी खोकतं, आवाज पडतो, मग बंद होतं. दोन्ही सिलिंडर एका क्षणी गप्प होतात ते बहुतेक वेळा करंट गेल्यावर. टेस्टर लावून ठिणगी पाहिली तर निळी, कडक. (टेस्टर नसेल तर प्लगचा धातू निदान ब्लॉकला नीट टेकवा. वायर मोकळी लटकवून दोरी ओढाल तर चांगला सीडीआय तुमच्याच हातून जाईल.)

भरती धरून त्यांच्यासोबत होडीत बसलो. मशीन मस्त वाजत होती. जाळ्याच्या खुंटांना वळसा घालायला नाखवांनी मशीन वळवायचा दांडा पार कडेला रेटला आणि खट्, गप्प. दांडा सरळ केला, दोरी ओढली, चालू. पुन्हा वळवली, पुन्हा गप्प. ड्रमात कोण कशाला दांडा वळवतो!

या लहान मशीनला बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधली चुंबकं कॉईलजवळून फिरतात, त्यातून करंट बनतो, सीडीआय तो साठवून नेमक्या वेळी इग्निशन कॉईलला सोडतो. चाक फिरतंय तोवर करंट बनतच राहणार. मग बंद कशी करायची? तो करंट मशीनच्या बॉडीत सोडून, म्हणजे अर्थिंग करून. लाल बटन दाबलं किंवा मनगटाच्या दोरीची क्लिप निघाली की एक बारीक वायर बॉडीला जोडली जाते आणि ठिणगी मरते. म्हणजे ही वायर तुटली तर मशीन बंद होत नाही, आणि सोलून बॉडीला लागली तर चालत नाही.

जेट्टीवर येऊन ती वायर सीडीआयपासून सोडवली. आता दांडा कसाही वळवा, ठिणगी हजर. मग वायरमागे बोट फिरवत गेलो. दांड्याच्या सांध्यात, ब्रॅकेटच्या धारेवर, तिचं कव्हर नखाएवढं घासलेलं. आतलं तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं. वळवताना वायर ताणली जाऊन नेमकी तिथे टेकायची.

नाखवा खूश. "मग राहू दे तशीच सोडलेली. बंद करायला चोक ओढीन."

ते मी ऐकलं नाही. एकटा माणूस पाण्यात पडला आणि मशीन चालूच राहिली, तर मोकळी होडी गिरक्या घेत त्याच्याच अंगावर येते, पंख्यासकट. क्लिपची दोरी त्यासाठीच असते. बहुतेक होड्यांत ती हुकाला लटकत असते, ते वेगळं.

हिरवा पडलेला भाग कापून कथिल चढवलेली नवी वायर क्रिंप केली (दाबून जोडली), वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली आणि सांध्यापाशी थोडी ढील ठेवून बांधली. मग दांडा दोन्ही टोकांना नेऊन, एकदा बटनाने आणि एकदा क्लिप ओढून, मशीन बंद होते का ते पाहिलं.

बिल ऐकून नाखवा म्हणाले, "एका वायरचे एवढे?"

मी म्हटलं, जुना सीडीआय आहे का? घरी पिशवीत होता. मुलाला पाठवून आणवला, लावला. पहिल्याच ओढीत चालू. काढून त्यावर मार्करने 'चालू' लिहिलं आणि हवाबंद डब्यात स्पेअर म्हणून ठेवायला सांगितलं. पैसे मोजताना नाखवा आधीच्या मेकॅनिकला उद्देशून जे काही बोलत होते, ते इथे लिहिता येणार नाही.