जुव्याच्या बांधावर ओहोटीची रात्र

गोव्यातला फोंड्याचा किल्ला बघून संध्याकाळी माशेलला परतलो, तर आत्याने चहा पुढे करत विचारलं, "आणि जुवें? ते बघितल्याशिवाय कसा जाशील? संभाजीराजांचा घोडा पोहणीला लागला तो तिथंच की."

आत्या माहेरची साताऱ्याची. तीस वर्षं माशेलात काढली, घरात कोंकणी बोलते, पण भाच्याशी अजून सातारीच. आतोबांच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ जुव्याला मानशीवर, म्हणजे शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, मासे धरतात. ओहोटी त्या रात्री उशिरा होती. आतोबांनी त्यांना फोन केला आणि जेवण उरकून मी स्कूटर काढली. पूल ओलांडला की जुवें. नकाशावर सांत इस्तेव्ह लिहिलेलं असतं. जुन्या लोकांच्या तोंडी मात्र 'शाकेचें जुवें', म्हणजे भाजीपाल्याचं बेट. इथली लांबलचक, सात शिरांची भेंडी गोव्याच्या बाजारात नावाने मागतात.

दिवसा फोंड्यात जे पाहिलं होतं, त्याचाच पुढचा भाग इथे घडला. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीजांचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला. येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला झुंजवला. तटाला खिंडार पडलं तरी हटले नाहीत, आणि संभाजीराजे स्वतः येऊन पोचल्यावर विजरईला माघार घ्यावी लागली. जखमी कृष्णाजी मात्र पुढे वाचला नाही. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीची वेळ साधून चाळीसेक मराठे चिखलातून या बेटावर चढले आणि टेकडीवरचा किल्ला घेतला. थोरलें गोंय, म्हणजे पोर्तुगीजांची राजधानी, इथून जवळच. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः सैन्य घेऊन किल्ला सोडवायला आला, पण दंडाला गोळी लागून, चिखलातून आणि पाण्यातून जेमतेम जीव वाचवून परतला. त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड त्या संताच्या पायाशी ठेवला. गोवा आता तूच राख, असं साकडं घातलं. राजांचा घोडा वाहू लागला तेव्हा खंडो बल्लाळांनी पाण्यात उडी घेतली, ही गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकतो.

मीही तीच गोष्ट डोक्यात घेऊन गेलो होतो. घोडा, आरोळ्या, भगवा.

मानस म्हणजे खाजन शेताच्या, खाडीकाठच्या खारजमिनीतल्या शेताच्या, बांधातलं लाकडी दार. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने ते मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला बाहेर ढकलून वाट काढतं. त्या वाटेवर जाळं लावायचं, की सुंगटं, काळुंदर, शेवटे अशी मासळी आपसूक येते. कुणी हात न लावता पाण्याच्या चढउतारावर उघडणारं-मिटणारं हे दार मी कितीतरी वेळ बघत बसलो. म्हाताऱ्याला मी अंकल म्हणत होतो. ते फार बोलत नव्हते. कंदील खाली ठेवून जाळ्याची दोरी बोटांत धरून बसले होते.

एक वाजून गेला असेल. पाणी उतरलं आणि नदीकडचा चिखल उघडा पडला. त्याचा तो कुजट, खारट वास. बेडूक ओरडत होते, ते एकदम थांबले.

आधी मला वाटलं, खेकडे असतील. मग आवाज वाढला. चिखलात पाय रुततो आणि उपसताना जो आवाज येतो, तो. एक नव्हे, पुष्कळ पाय. पलीकडच्या काठाकडून आमच्याकडे येणारे. मी मोबाईलचा दिवा लावायला हात उचलला तर अंकलनी मनगट धरलं आणि कंदीलही फुंकला. हळूच म्हणाले, "कुशीक राव. वचूं दी तांकां." बाजूला राहा, जाऊ दे त्यांना.

मी बांधाच्या कडेला सरकून उभा राहिलो. दिसलं काहीच नाही, हे आधीच सांगतो. पण माझ्यासमोरून माणसं गेली. ओल्या कापडाचा वास आला, गार हवेचा झोत एकामागून एक अंगावरून गेला, आणि श्वास ऐकू आले. धापा टाकणारे, पण तोंड मिटून टाकलेले श्वास. एकही शब्द नाही, शस्त्राचा खणखणाट नाही. सगळ्यांत शेवटी खोकला. तोंडात कापड कोंबून दाबलेला, छातीतच फुटलेला खोकला. तो माझ्यापासून हातभरावर क्षणभर थांबला आणि टेकडीकडे गेला. गावातलं एकही कुत्रं भुंकलं नाही.

माझ्या दातावर दात आपटत होते. अंकलनी छातीवर खुरीस, म्हणजे क्रूसाची खूण, काढला, कंदील पुन्हा लावला आणि जाळं ओढायला घेतलं. मी काही विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "खोंकपी सदांच फाटल्यान आसता."

खोकणारा नेहमी मागेच असतो. मी खोकल्याबद्दल अक्षर काढलं नव्हतं.

परतताना पुलावर थांबलो. चाळीसांचा जीव गप्प राहण्यावर टांगलेला, आणि त्यात एकाला खोकला. त्याला मागे राहा म्हटलं असेल, तो राहिला नसेल. की बरोबरच्यांनीच त्याला सोडला नसेल? आपल्या गोष्टीत ही माणसं आरोळ्या देत येतात. त्या रात्री आरोळी दिली असती तर एकही टेकडीपर्यंत पोचला नसता. त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही, आणि मी स्वतःला या इतिहासाचा भक्त म्हणवतो. अंकलच्या घरात ही रात्र वेगळीच सांगत आले आहेत, दारं लावून, दिवे मालवून काढलेली भीतीची रात्र म्हणून. तरीही ते त्यांना वाट देतात. "म्हजो आजोय दितालो," एवढंच ते म्हणाले. आजोबाही देत असत.

सकाळी उजेडात टेकडी चढलो. किल्ल्याचे थोडेच अवशेष उरलेत, माथ्यावर येशूचा मोठा पुतळा आहे. खाली मांडवी, पलीकडे दिवाड बेट, आणि पायथ्याशी हिरवीगार शेतं. बांध वरून दोरीएवढा दिसत होता. तिथे मी बसूनच राहिलो.

साताऱ्याला निघायच्या आधी माशेलच्या बाजारातून ज्येष्ठमध आणि खडीसाखर घेतली. पुडी बघून आत्या म्हणाली, "कुणाला खोकला झालाय रे?"

"आहे एकाला."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आत गेली आणि पुडीत चार लवंगा टाकल्या.

मानशीपाशी पोचलो तेव्हा भरती चढत होती आणि दार मिटलेलं होतं. मी पुडी केळीच्या पानात बांधली आणि बांधावरच्या दगडाखाली, पाणी पोचणार नाही एवढ्या उंचीवर ठेवली.