तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीतल्या फोटोतली ही नटी कोण?

पेठेतला वाडा पाडायला निघाला की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात लग्नाच्या याद्या, वाकलेली पळी, कुणाचं तरी मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि तळाशी पोस्टकार्डाएवढा एखादा फोटो. त्यातल्या बाईला घरात कुणीच ओळखत नाही. पणजोबांना सिनेमाचं वेड होतं, एवढंच सगळ्यांना माहीत. मग फोटोचा फोटो मोबाइलवरून येतो आणि खाली एक ओळ असते: ‘मूकपटातली कुणी आहे का? सुलोचना वाटतेय.’

असेलही. पण चेहरा बघून ठरवू नका. चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा, कारण त्या फोटोत सगळ्यात जास्त फसवतो तोच.

त्या काळची फिल्म आणि काचेच्या प्लेटा बहुतेक ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना लाल रंग दिसतच नसे. लाल ते काळं, केशरी गडद आणि निळं जवळजवळ पांढरं उमटे. म्हणून कपाळावरचं कुंकू कोळशाचा ठिपका लावल्यासारखं दिसतं, ओठ शाईत बुडवल्यासारखे, आणि आकाश कोऱ्या कागदासारखं. गालांवरची लाली काळवंडून येई, म्हणून चेहऱ्यावर फिकट रंगाचा जाड थर देत आणि त्यावर भुवया, डोळे पुन्हा काढत. घारे किंवा निळसर डोळे काचेसारखे पांढुरके येत. फोटोतल्या बाईचे डोळे तसे दिसले की अर्धे लोक म्हणतात मेम आहे आणि उरलेले म्हणतात कोकणस्थ आहे. दोन्ही निष्कर्ष फिल्मच्या दोषावर उभे आहेत.

अशीच दुसरी चूक लुगड्याच्या रंगावरून होते. ‘पांढरं पातळ नेसलीय, म्हणजे विधवेचं काम असणार.’ अहो, ते पातळ निळं असू शकतं. शिवाय आपल्याकडच्या ब्राह्मण घरांतल्या विधवा तेव्हा लाल आलवण नेसत, आणि ते या फिल्मवर काळं आलं असतं. कपाळावर काळा ठिपका आहे ना? मग ते कुंकू आहे, आणि प्रश्न मिटला. विसाच्या दशकाच्या शेवटी शेवटी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळू लागली, तिला लाल दिसतो. त्यामुळे ओठ आणि कुंकू राखाडी असेल, तर फोटो त्या सुमाराचा किंवा नंतरचा असण्याची शक्यता वाढते.

मोबाइलमधली ‘जुना फोटो सुधारा’ म्हणणारी ॲप या कामी वापरू नका. धूसर डोळ्याच्या जागी ती दुसऱ्याच कुणाचा तरी डोळा बसवतात. मग तो फोटो इंटरनेटवर शोधला की भलतीच बाई सापडते, आणि तिच्याखालचं नावही बऱ्याचदा चुकलेलं असतं.

पुण्यातला फोटो असेल तर आणखी एक गोष्ट आधी निकालात काढावी लागते: तो बालगंधर्व नाही ना? हसू नका. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘एकच प्याला’मधली सिंधू, असे स्त्रीवेषातले त्यांचे फोटो लोक हौसेने घरात ठेवत, आणि चार पिढ्यांनी बघणाऱ्याला ती सरळ नटी वाटते. पडद्यावरही सुरुवातीला हेच होतं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, आणि १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. बायका अजिबात नव्हत्या असंही नाही. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या. या कमलाबाई म्हणजे कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी.

नाटकाचा फोटो आणि सिनेमाचा फोटो वेगळा कसा करायचा? पायांकडे आणि सावलीकडे बघा. नाटकमंडळींचे फोटो स्टुडिओत निघत: मागे रंगवलेला पडदा, खाली गालिचा, शेजारी कमरेएवढं लाकडी स्टूल, आणि सावल्या मऊ. मूकपटांचे सेट मात्र पुष्कळदा उघड्यावर उभे करत, वर छप्पर नसे, सूर्यप्रकाशावरच काम चाले. त्यामुळे राजवाड्याचा दिवाणखाना असतो, भिंतीला आरसा असतो, आणि राणीच्या नाकाखाली भर दुपारची कडक सावली असते. खोलीत ऊन दिसलं, किंवा पडदा वाऱ्याने फुगलेला दिसला, की समजावं हे सिनेमाचं. याला अपवाद आहेत. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’साठी १९२३ सालीच कृत्रिम दिवे वापरले होते. तरी पहिली चाळणी म्हणून ही खूण बरी.

आता कागद. घड्याळजीचं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गालाच्या जागी धरा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील चित्र आहे. मासिकातलं, पुस्तिकेतलं नाहीतर छापील कार्ड. ठिपके नसतील आणि छटा सलग असतील तर खरा फोटो. तो तिरपा धरून खिडकीकडे बघा. काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, पाऱ्यासारखी निळसर झाक आली असेल तर ती कागदातली चांदी वर आलेली आहे. ही वयाची खूण आहे, पुसायला जाऊ नका. मग मोजपट्टी लावा. पोस्टकार्ड साधारण साडेतीन बाय साडेपाच इंच. हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा, फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. जाहिरातीसाठी वेगळ्या कॅमेऱ्याने, प्लेटवर काढलेले फोटो या मापांत सापडतात. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत आकडा किंवा नाव असेल तर ते निगेटिव्हवर लिहिलेलं आहे. फोटोतली सगळ्यात मोलाची जागा ती, आणि फ्रेमवाले नेमकी तीच कापतात.

मागची बाजू बघितल्याशिवाय नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फिल्म कंपनीचा शिक्का असेल तर फोटो निदान कधीच्या आधीचा नाही, एवढं कळतं. रणजित म्हटलं की १९२९ किंवा पुढचं. त्याआधी ती कंपनीच नव्हती. इम्पीरियल १९२६पासून. प्रभातही १९२९ची, पण कोल्हापुरात. पुण्यात आली १९३३ साली, आणि तिचे मूकपट त्याआधीच, कोल्हापुरात झालेले. तेव्हा ‘प्रभात रोडवर काढलेला मूकपटाचा फोटो’ हे जमत नाही. कार्ड टपालाने आलेलं असेल तर तिकीट बघा. १९२२पर्यंत देशातल्या देशात कार्डाला पाव आणा पडे, नंतर अर्धा. कार्ड छापल्यावर दहा वर्षांनीही कुणी टाकलेलं असू शकतं, हे मात्र धरून चला.

आल्बमच्या काळ्या पानावर चिकटवलेला असेल तर सोलू नका. पाणी लावून तर मुळीच नाही. जिलेटिनचा थर फुगतो आणि कागद हातात, चेहरा पानावर असं होतं. अख्खं पान स्कॅन करा. सहाशे डीपीआय, रंगीत. काळा-पांढरा स्कॅन केला की शिक्क्याची जांभळी शाई आणि चांदीची झाक दोन्ही जातात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल अगदी समांतर धरा.

एवढं झालं की नावांकडे वळायचं, आणि तिथे घोळ सुरू होतो. सुलोचना म्हटल्यावर मराठी माणसाला आधी सुलोचना लाटकर आठवतात, मग लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण. मूकपटातली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. १९०७ सालची, जन्म इथलाच, पुण्याचा. बगदादी ज्यू घराणं. टेलिफोन ऑपरेटर होती, कोहिनूर फिल्म कंपनीतून पडद्यावर आली, मग इम्पीरियलमध्ये गेली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ भूमिका केल्या, त्यांत माळी होता, पोलीस होता, केळीवाली होती. म्हणजे मिशीवाल्या पोलिसाच्या फोटोतही तीच असू शकते! तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता ही गोष्ट तेव्हापासून सांगतात. गोष्ट म्हणूनच ऐकावी. बोलपट आल्यावर तिने वर्षभर थांबून हिंदुस्थानी शिकून घेतली आणि परत आली. १९५३च्या ‘अनारकली’त ती जोधाबाई आहे. १९२८च्या मूक अनारकलीत ती स्वतः अनारकली होती. १९५३चा चेहरा शेजारी ठेवून कान आणि हनुवटी ताडून बघता येते. कान बघा खरंच. रंगरंगोटी कानाला फारशी करत नाहीत.

गोहर म्हटलं की तिघी उभ्या राहतात. चंदुलाल शहांच्या ‘गुणसुंदरी’तली मिस गोहर मूकपटाची. गौहर जान रेकॉर्डवर गाणारी, तिचा या पडद्याशी संबंध नाही. आणि गोहर कर्नाटकी बालगंधर्वांच्या कंपनीतली. जुबेदा असेल तर तिच्या दोघी बहिणी, सुलताना आणि शहजादी, याही पडद्यावर होत्या, चेहरेपट्टी घरचीच. आई फातमा बेगम तर स्वतः दिग्दर्शन करत होती. सीतादेवी हे नाव रेने स्मिथ या मुलीने घेतलेलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीतल्या ‘सैरंध्री’साठी गुलाबबाईंची कमलादेवी झाली आणि अनसूयाबाईंची सुशीलादेवी. कमलादेवी नावाच्या पुढे आणखीही झाल्या, त्यामुळे एवढ्या नावावर काहीच सिद्ध होत नाही.

पुणेकरांनी एक नाव खास लक्षात ठेवावं: अंबू. नानासाहेब सरपोतदारांची आर्यन फिल्म कंपनी पुण्यात होती (लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस पुढे त्यांनीच काढलं), आणि तिथे काम करणारी ही लहान मुलगी म्हणजे पुढच्या ललिता पवार. ‘छे, ललिता पवार असत्या तर डोळ्यावरून ओळखलं असतं,’ असं हमखास ऐकू येतं. डाव्या डोळ्याला इजा झाली ती १९४२ साली, चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे. मूकपटाच्या काळात दोन्ही डोळे सारखेच होते, आणि भूमिकाही खाष्ट सासूच्या नव्हत्या. १९३१च्या ‘दिलेर जिगर’मध्ये त्या नायिका आहेत, आणि तो मूकपट आजही शिल्लक आहे.

हे शिल्लक असणं दुर्मीळ आहे. देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले; टिकलेले तिसाच्या आतबाहेर, त्यातले कितीतरी निव्वळ तुकडे. म्हणजे फोटोतली बाई ओळखली तरी ती पडद्यावर चालताना दिसेलच असं नाही. रूबी मायर्सचे ऐन बहरातले मूकपट आज बघायला मिळत नाहीत. सीतादेवी मात्र दिसते, ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’ हे दोन्ही नीट जतन झालेत.

पेटीत फोटोऐवजी फिल्मचा तुकडा सापडला तर उजेडासमोर धरा. पस्तीस मिलिमीटरच्या पट्टीवर दोन्ही बाजूंच्या भोकांच्या मधली सगळी जागा चित्राने भरली असेल तर मूकपट. एका बाजूला नागमोडी किंवा दातेरी रेघांची उभी बारीक पट्टी असेल तर बोलपट. अख्खी पट्टी निळी किंवा पिवळी दिसली तर ती खराब झाली असं समजू नका. रात्रीचा प्रसंग निळा, दिवसाचा पिवळसर रंगवत. एका फुटात सोळा चौकटी, हजार फुटांचं एक रीळ. सेकंदाला सोळा चौकटींनी चालवलं तर पावणेसतरा मिनिटं चालतं, बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने चालवलं तर अकरा मिनिटांत संपतं. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात ती यामुळे, ती तशी चालत नव्हती.

या पट्ट्या नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्मच्या, असण्याची दाट शक्यता असते. नायट्रेट एकदा पेटलं की विझत नाही, जळायला लागणारा ऑक्सिजन त्यातूनच सुटतो, पाण्याखालीही जळतं. ‘तुकडा जाळून बघा’ असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. उग्र वास, चिकटपणा, फेस किंवा तपकिरी भुकटी दिसली तर डबा घरातून बाहेर, सावलीत ठेवा. पत्र्याखालचा माळा एप्रिल-मे महिन्यात चाळिशी गाठतो, आणि कुजलेली फिल्म तेवढ्या उष्णतेत बराच काळ राहिली तर आपोआप पेटू शकते. कुरियरने पाठवू नका. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हला आधी फोन करा, ते सांगतील तसं करा. २००३च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेटच्या कोठाराला आग लागून कितीतरी जुनी रिळं गेली, तेव्हा हे पुण्यात कुणाला पटवून द्यावं लागू नये.

फोटो ताडून बघायलाही अर्काइव्हच. पोस्टर, फोटो, पुस्तिका तिथे जपलेल्या आहेत. मूळ फोटो पिशवीत घालून रिक्षाने हिंडवू नका, दोन्ही बाजूंचे स्कॅन न्या. आणि ‘ही कोण’ विचारण्याऐवजी ‘इम्पीरियल, १९२६ नंतरची, उघड्यावरचा सेट, कोपऱ्यात अमुक आकडा’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला अंदाज मिळतो, दुसऱ्याला फाइल.

‘किती रुपये येतील?’ या प्रश्नाला इथे उत्तर नाही.

नाव सापडलं, तर फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. खात्री नसेल तर पुढे ‘बहुधा’ लिहा आणि कशावरून ते दोन शब्दांत. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि उजेडात धरलं की तुमचं अक्षर तिच्या गालावरून उलटं वाचता येतं.