हाताने घडवलेली लगची टूरिंग फ्रेम : माझा अनुभव

माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि मला सामान लादून लांबच्या रस्त्याला जाईल अशी सायकल हवी होती. बाजारातल्या एकाच सायकलीत या दोन गोष्टी सहसा जुळत नाहीत. टूरिंगसाठी मिळणाऱ्या बहुतेक सायकलींना ७००सी चाके असतात, म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिमी असतो. फ्रेम लहान करत गेले की वरची दांडी आखूड होते, पुढचे चाक पायडलच्या जवळ सरकते आणि वळताना बुटाचे टोक मडगार्डला घासते. हे टाळण्यासाठी हेड ट्यूब, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती पुढची नळी, अधिक तिरपी केली तर पाय सुटतो, पण हँडल जडावते. ५५९ मिमीचे, म्हणजे एमटीबीचे २६ इंची चाक घेतले की हा गुंता मुळातच उरत नाही, शिवाय त्याचे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळतात. अशा चाकांसाठी स्टीलची, लग वापरून जोडलेली फ्रेम स्वतःच करायची असे मी ठरवले आणि भोसरीतल्या एका लहान टूलरूममध्ये, तिथल्या एका अनुभवी मिस्त्रींच्या देखरेखीखाली, ती पूर्ण केली.

लग म्हणजे दोन किंवा तीन नळ्यांची टोके आपल्यात सामावून घेणारा पोकळ पोलादी सांधा. नळी लगमध्ये बसवायची, दोन्ही तापवायची आणि त्यांच्यामधल्या बारीक फटीत पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू वितळवून सोडायचा. आपल्याकडची काळी, जड, दुधाच्या किटल्या वाहणारी सायकल याच पद्धतीने जोडलेली असते, त्यामुळे ही पद्धत आपल्याला परकी नाही. टिग वेल्डिंगमध्ये (विजेच्या ठिणगीने केलेल्या वेल्डिंगमध्ये) नळीचे पोलादच वितळवावे लागते आणि त्यासाठी तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. ५६ टक्के चांदी असलेला मिश्रधातू मात्र ६५० अंशांपर्यंत पूर्ण वितळतो. ज्या नळीची भिंत टोकाशीही एक मिलिमीटरपेक्षा पातळ आहे, तिच्यासाठी हा फरक मोठा आहे. पुढे अपघातात एखादी नळी वाकलीच, तर सांधा पुन्हा तापवून तेवढी नळी काढता आणि बदलता येते, हेही माझ्या दृष्टीने महत्त्वाचे कारण होते.

नळ्या मी रेनॉल्ड्स ५२५ जातीच्या, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या मागवल्या. टोकांना जाड आणि मध्ये पातळ, पण बाहेरून सलग एकाच व्यासाची दिसणारी नळी हे बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांचे काम, आणि त्याचे पेटंट १८९७ सालचे आहे. माझी खालची मुख्य नळी ३१.८ मिमी व्यासाची असून तिची भिंत टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिमी आहे. माझे वजन पाहता याहून हलकी नळी चालली असती, परंतु मागे भरलेल्या दोन बॅगा असताना घाट उतरायचा असेल तर फ्रेम पिळली जाऊ नये म्हणून मी जाड नळी घेतली आणि आजही तो निर्णय मला योग्य वाटतो.

फ्रेमचा आराखडा आधी आणि लग नंतर, असा क्रम कोणालाही सुचेल, परंतु प्रत्यक्षात तो उलटा ठेवावा लागतो. ओतीव लग ठराविक कोनांतच मिळतात आणि तो कोन एखाद्या अंशाने इकडेतिकडे करता येतो, त्यापलीकडे नाही. म्हणून आधी हाती आलेल्या लगांचे कोन मोजले आणि मग पूर्ण आकाराचा आराखडा प्लायवर काढला. हेड ट्यूबचा कोन ७२ अंश, सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या नळीचा) ७३, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचा पुढचा झुकाव ४५ मिमी. पावणेदोन इंची टायर धरून यातून येणारी ट्रेल, म्हणजे हँडलचा अक्ष जमिनीला मिळतो ती जागा आणि पुढचा टायर टेकतो ती जागा यांतले अंतर, सुमारे ५८ मिमी भरते, म्हणजे हँडल ना उतावळे ना सुस्त. बॉटम ब्रॅकेट (पायडलचा अक्ष ज्यात फिरतो तो भाग) चाकांच्या ॲक्सलच्या रेषेच्या ५० मिमी खाली आणि चेनस्टे (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) ४५० मिमी लांब ठेवले, कारण ते आखूड असते तर पायडल मारताना टाच मागच्या बॅगेला लागली असती. लहान चाकांमुळे वरची दांडी पूर्ण आडवी ठेवता आली आणि नेहमीच्या कोनांचे लगच वापरता आले, हा मला मिळालेला मोठा फायदा.

यानंतरचे बहुतेक काम कानशीचे आहे, आणि लगच्या फ्रेमचा चांगुलपणा तिथेच ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे. लगमध्ये नळीचे टोक झाकले जाते, त्यामुळे ते कसेही कापले तरी बाहेरून दिसत नाही. म्हणूनच तिथे हयगय होते. वास्तविक नळीचे टोक समोरच्या नळीच्या गोलाईला सर्व बाजूंनी टेकले पाहिजे, तरच भार नळीकडून नळीकडे जातो. नाहीतर तो सगळा लगवर आणि मधल्या चांदीवर येतो.

हा आकार कापण्यासाठी कागदावर छापलेला साचा नळीभोवती गुंडाळला, त्याच्या कडेने खूण केली, हॅक्सॉने जास्तीचा भाग काढला आणि अर्धगोल कानशीने रेषेपर्यंत आले. शेवटचे काम डोळ्यांनी करायचे असते. नळी हेड ट्यूबला टेकवून मागे दिवा धरला की जिथे फट असेल तिथे उजेडाची बारीक रेघ दिसते, आणि ती रेघ जिथे संपते त्याच्या पलीकडचा उंचवटा कानशीच्या दोन-चार हलक्या हातांनी काढायचा असतो. उजेड पूर्ण बंद झाला की ते टोक झाले. पण नळीला दुसरेही टोक असते, आणि खालच्या नळीचे दुसरे टोक बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्ये जाते. दोन्ही टोकांचे काप एकमेकांशी जराही फिरलेले चालत नाहीत, म्हणून नळी अँगलच्या खाचेत ठेवून तिच्या लांबीवर सरळ रेघ ओढली आणि दोन्ही साचे त्या रेघेवर जुळवले.

कापण्याआधी आणखी एक हिशेब करावा लागतो. नळीचा जाड भाग टोकापासून किती आत जातो हे दोन्ही बाजूंना सारखे नसते. लहान फ्रेमसाठी नळी बरीच कापावी लागते, आणि ती चुकीच्या बाजूने कापली तर लगची कड पातळ भागावर येते. नेमका तोच भाग तापतो आणि वाकण्याचा ताणही तिथेच असतो. उत्पादकाने दिलेल्या लांबीप्रमाणे मी प्रत्येक नळीवर मार्करने जाड भागाच्या सीमा आखल्या आणि त्या सीमा लगच्या टोकाच्या बाहेर राहतील असेच काप ठरवले.

लगही तयार करावे लागतात. ओतीव लग नळीवर फार घट्ट बसतात आणि घट्ट बसणारा लग वाईट, कारण चांदी केशाकर्षणाने आत ओढली जाते आणि त्यासाठी सगळीकडे सुमारे ०.१ मिमी मोकळी फट लागते. फट नसेल तर चांदी आत शिरत नाही, फार असेल तर ती धरून राहत नाही. लगची आतली बाजू मी गोल कानस आणि एमरी कापडाने घासून नळी बोटांच्या जोराने सरकेल इतकी केली. बाहेरून लगच्या टोकदार कडा पातळ केल्या. त्या सुंदर दिसतात हे खरेच, पण जाड लगकडून पातळ नळीकडे ताण हळूहळू उतरावा, हा त्यामागचा खरा हेतू आहे.

ज्योत हातात घेण्याआधी मिस्त्रींनी मला जुन्या बाजारातून जुन्या सायकलींच्या फ्रेमचे तुकडे आणायला लावले. त्यांचे आयुष्य लेथच्या हत्यारांवर कार्बाइडची टोके चांदीने जोडण्यात गेले आहे. सायकल त्यांनी कधी बनवली नव्हती, परंतु पोलादावर चांदी कशी वाहते हे त्यांच्याइतके जाणणारा माणूस मी पाहिलेला नाही. रंग पूर्ण खरवडून मी सरावाचे सांधे केले, आणि प्रत्येक सांधा ते हॅक्सॉने उभा चिरून मला दाखवत. लग आणि नळी यांच्यामध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चांदीची केसासारखी बारीक, कुठेही न तुटणारी रेघ दिसली, तेव्हाच त्यांनी खऱ्या नळ्या बाहेर काढू दिल्या.

चांदीची कांडी कॅडमियमविरहित आहे याची खात्री करून घ्यावी. कॅडमियम असलेली कांडी स्वस्त असते आणि सहज वाहतेही, पण तिचा धूर फुप्फुसांना गंभीर इजा करतो. तीच किंमत वाचवण्याच्या मोहात कोणी पडू नये, असे मी कळकळीने सांगेन. हवा खेळती ठेवणे आणि डोळ्यांवर योग्य चष्मा असणे हेही तितकेच आवश्यक आहे.

हेड ट्यूब आणि खालची नळी यांचा सांधा मला सर्वांत चांगला आठवतो. एमरीने चकचकीत केलेले भाग ॲसिटोनने पुसले आणि त्यानंतर त्यांना उघडा हात लावला नाही. दोन्हीकडे फ्लक्सचा, म्हणजे तापताना धातू स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनाचा, लेप दिला. हेड ट्यूबला आत जाणारे भोक आधीच पाडलेले होते, कारण बंद नळीतली तापलेली हवा बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर ती सांध्यातूनच चांदीला ढकलत बाहेर येते. ऑक्सिजन आणि एलपीजीची मऊ, मोठी ज्योत लगच्या जाड भागावर गोल फिरवू लागले. आधी फ्लक्समधले पाणी उकळून गेले, मग लेप पांढरा होऊन फुगला, आणि साधारण ६०० अंशांच्या सुमाराला तो खाली बसून पाण्यासारखा नितळ झाला. "ताई, नळीकडे बघू नका, फ्लक्सकडे बघा," असे मिस्त्री मागून सांगत होते. फ्लक्स नितळ झाल्यावर कांडीचे टोक लगच्या वरच्या कडेला टेकवले, तर ते एकदम विरघळून आत ओढले गेले. "चांदी उष्णतेच्या मागे जाते. ज्योत पुढे न्या, ती येईल." ज्योत हळूहळू खालच्या कडेकडे नेली आणि काही क्षणांत त्या कडेला, जिथे मी कांडी लावलीच नव्हती, तिथे चमकदार रेघ उमटली. चांदी आतून सगळा सांधा पार करून आली होती. पोलाद तेव्हा फक्त मंद लाल होते, तेही सावलीत पाहिले तरच कळेल इतके.

ड्रॉपआउटचे, म्हणजे मागच्या चाकाचा ॲक्सल ज्यात बसतो त्या खाचेच्या पट्ट्यांचे, काम मात्र पितळाने केले. चेनस्टेच्या टोकाला खाच पाडून त्यात ड्रॉपआउटची पट्टी बसते, तिथली फट मोठी असते आणि ती भरून काढायला पितळ हवे. पितळाला ९०० अंशांच्या आसपास तापमान लागते, म्हणून जिथे जिथे पितळ लागणार ती कामे चांदीच्या आधी उरकली. चांदीचा सांधा झाल्यावर त्याच्या शेजारी पितळाचे तापमान नेले तर चांदीचा सांधा बिघडतो.

प्रत्येक सांध्यानंतर फ्रेम सरफेस प्लेटवर (अगदी अचूक सपाट केलेल्या पाटीवर) ठेवून हाइट गेजने, म्हणजे उंची मोजण्याच्या उपकरणाने, तपासली. एका बाजूने तापवले की नळी थंड होताना त्या बाजूला ओढली जाते, म्हणून तापवण्याचा क्रम डावीकडून-उजवीकडून आलटून पालटून ठेवला. शेवटी हेड ट्यूब आणि सीट ट्यूब यांच्या पातळीत अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक राहिला, आणि तो थंड स्थितीतच हलक्या दाबाने काढला. मागच्या ड्रॉपआउटमधले अंतर १३५ मिमी भरले. दोऱ्याची जुनी चाचणीही केली: एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणलेला दोरा सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंना सारखाच दूर होता.

कॅरिअर, मडगार्ड, पाण्याच्या बाटल्या आणि केबल यांसाठी लागणारे बारीक भाग, तसेच रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या कॅन्टिलिव्हर ब्रेकचे खुंट, हे सगळे त्यानंतर चांदीनेच जोडले. ब्रेकच्या खुंटांची जागा रिमच्या व्यासावर ठरते, त्यामुळे ते एकदा ५५९ च्या चाकासाठी बसले की ही फ्रेम कायमची त्याच चाकाची झाली. काचेसारखा कडक झालेला फ्लक्स गरम पाण्यात भिजवून काढला, बॉटम ब्रॅकेटचे आटे साफ केले आणि आटे झाकून फ्रेम पावडर कोटिंगला दिली. त्या भट्टीचे तापमान २०० अंशांच्या आसपास असते, चांदीच्या वितळबिंदूपेक्षा खूपच कमी, म्हणून सांध्यांना त्याचा धोका नाही. कोकणातला पाऊस आणि खारी हवा लक्षात घेऊन नळ्यांच्या आतून जवसाचे तेल फिरवले. ते वाळून आत पातळ थर धरते आणि गंज रोखते.

फ्रेम सुमारे दोन किलो भरली. मागे भरलेल्या बॅगा लावून ताम्हिणी घाटातून मी माणगावला उतरले आणि पुढे किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले. उतारावर दोन्ही हात ब्रेकवर असताना हँडलला कंप आला नाही, टाच बॅगेला लागली नाही आणि वळणावर बूट चाकाला शिवला नाही. परतल्यावर प्रत्येक लगच्या टोकाशी रंगाला बारीक तडा गेला आहे का हे भिंगाने पाहिले, कारण सांधा सुटू लागला तर त्याची पहिली खूण रंगातच दिसते. तसे कुठेही दिसले नाही. फ्रेम पुन्हा सरफेस प्लेटवर चढवली, तेव्हा मोजमापे तीच होती. पुढच्या कॅरिअरसाठी फोर्कवर दोन भाग जोडायचे राहिले आहेत. ते पावसाळ्याआधी करायचे आहेत आणि त्यासाठी फोर्कचा रंग मी आत्ताच खरवडायला घेतला आहे.