एका फुटाला चार मिलिमीटर

इंग्लंडमधलं आमचं गाव डिडकॉट. तिथून तीनेक मैलांवर लाँग विटनम नावाचं खेडं आहे. त्या खेड्यातल्या पेंडन संग्रहालयात १९२०-३० च्या सुमाराचं एक अख्खं खोरं टेबलाच्या उंचीवर मांडलेलं आहे. शेतं, कुंपणं, रेल्वेचा रूळ, गवताने शाकारलेली घरं, घरामागचे भाजीचे वाफे, सगळं एकास शहात्तर या प्रमाणात. वाफ्यातला कोबीचा गड्डा तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ म्हणतात तो हा आमच्याच आजूबाजूचा मुलूख. भारतातून कोणी आलं की इथले सगळे त्यांना ऑक्सफर्डची कॉलेजं दाखवायला नेतात. मी आधी पेंडनला नेते. कॉलेजं काय, कुठे पळून जात नाहीत.

हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, माणूस मात्र ऑस्ट्रेलियाचा. १९२५ मध्ये विशीच्या आतबाहेरचा असताना तो इकडे आला आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या नादी लागून स्विंडनच्या परिसरात राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत लोक घरांवरचं गवत उतरवून ॲस्बेस्टॉसचे पत्रे टाकत होते, जुन्या भिंती पाडत होते. त्याला ते अडवता येणार नव्हतं. मग १९३१ च्या सुमाराला त्याने ठरवलं, की जे आहे ते मोजायचं आणि जसंच्या तसं छोटं करून ठेवायचं. लाँग विटनममधल्या एका जुन्या पबच्या इमारतीत १९५४ साली संग्रहालय सुरू झालं. रॉय १९९५ मध्ये गेला. खोरं अजून पुरं झालेलं नाही. स्वयंसेवक येतात आणि काम पुढे नेतात. एकेका घराला शेकडो तास लागतात. हे ऐकून आमच्या एका पाहुण्यांनी ‘पण याचा उपयोग काय?’ असं विचारलं होतं. त्यांना तिथला केक आवडला.

मला मात्र तिथली सामग्री वेड लावते. घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. त्यावर विटांच्या रेघा कोरलेल्या आणि मग विटेविटेला जलरंगाची वेगळी छटा, कारण खऱ्या भट्टीतून एका रंगाच्या विटा कधी निघत नाहीत. छपरावरचं गवत म्हणजे प्लंबर नळाच्या आट्यांवर सफेद्याबरोबर गुंडाळतो तसला धागा, थोडा थोडा कापून खालून वर थरांनी चिकटवलेला. खरा शाकारणारा ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने.

आमच्या भागात एक मॉडेल क्लब आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी भरतो. बहुतेक मेंबर सत्तरीच्या पुढचे पुरुष. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नवऱ्याला शोधायला आले आहे असंच सगळ्यांना वाटलं. बाजारात तयार इंजिनं, घरांची किट, लेझरने कापलेल्या खिडक्या सगळं मिळतं. पण क्लबात खरा मान असतो तो स्क्रॅचबिल्डिंग करणाऱ्यांना, म्हणजे काहीही तयार न घेता घरातल्या वस्तूंपासून सगळं उभं करणाऱ्यांना. त्यांच्या घरात कचऱ्याच्या डब्याला काम उरत नाही. वापरलेली टी-बॅग फोडून चहापत्ती वाळवायची, चाळायची, तो झाला झाडाखालचा पाचोळा. उरलेला कागद पातळ गोंदात भिजवून मालडब्यावर पसरला की ताडपत्री. वाइनच्या बाटलीच्या गळ्यावरचा मऊ पत्रा छपराच्या सांध्यावर शिसं म्हणून बसतो. टाचणीच्या डोक्याची दाराची मूठ. गिटारच्या तुटलेल्या तारेचे डब्यांमधले ब्रेकचे नळ. जुन्या टेडी बेअरची कातडी म्हणजे उंच गवत, आणि हे काम आजोबा नातवंडं झोपल्यावरच करतात. बागेतल्या सीडमचे वाळलेले तुरे झाडं म्हणून लागतात. दगडी भिंतीला खरखरीतपणा हवा असेल तर रंगात टॅल्कम पावडर.

खिडकीला पारदर्शक प्लॅस्टिक लावलं की ते किंचित वाकतं आणि त्यातलं प्रतिबिंब हलतं. डोळ्याला लगेच कळतं की ही काच नव्हे. म्हणून काही जण सूक्ष्मदर्शकाच्या कव्हर स्लिप लावतात. ती खरी काच, सपाट आणि मिलिमीटरच्या एक-दोन दशांश जाडीची. कापताना दहातल्या चार फुटतात असं ऐकून आहे.

प्रमाणाचं भान नसेल तर मात्र हा सगळा जुगाडच राहतो. कॉफी ढवळायची लाकडी काडी घ्या, कॅफेत फुकट मिळते. रुंदी साधारण सहा मिलिमीटर. १:७६ मध्ये ती पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीची फळी झाली, आणि असल्या फळ्या सरसकट कोणता सुतार ठोकतो? तीच काडी १:१२ च्या बाहुलीघरात सात सेंटिमीटरची होते आणि जमिनीच्या फळीला चपखल बसते. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण हे कधी पाळलं नाही. आमच्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा होता, महाराज दरवाज्याहून उंच होते आणि अळिवाचं रान त्यांच्या कमरेपर्यंत. तेव्हा कोणाला खटकलं नाही, आणि खटकायला नकोच होतं. पण पोती, विटा, चिखल आणि डाळीच्या डब्यातली मोहरी यांतून डोंगर उभा करणाऱ्या मुलांना ही विद्या परकी नाही एवढं नक्की. आणि पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहेच, १९९८ पासून. तिथे मुलांपेक्षा बापांना बाहेर काढणं जड जातं.

१:७६ हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो मुळात ‘एका फुटाला चार मिलिमीटर’ असा ठरलेला आहे. खरं माप फुटात, छोटं माप मिलिमीटरमध्ये. जगात इतरत्र साडेतीन मिलिमीटर चालतं. पण इंग्लंडची इंजिनं बाहेरच्या देशांतल्या इंजिनांपेक्षा अरुंद आणि बुटकी. साडेतीनच्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. मग कारखानदारांनी इंजिन चारच्या प्रमाणात वाढवलं आणि रूळ मात्र तसाच ठेवला, साडेसोळा मिलिमीटर. परिणाम असा, की खऱ्या रुळांमधलं अंतर चार फूट साडेआठ इंच, तर मॉडेलमध्ये ते चार फूट दीड इंच भरतं. हे ज्यांना सहन होत नाही ते १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घडवतात. या सव्वादोन मिलिमीटरवरून लोक वर्षानुवर्षं एकमेकांशी वाद घालतात, अतिशय सभ्यपणे.

आपल्याला मात्र हे माप फार सोयीचं. आपण कापड मीटरमध्ये घेतो आणि घर फुटात सांगतो. बारा फुटांची खोली? अठ्ठेचाळीस मिलिमीटर. कॅल्क्युलेटर लागत नाही.

लांबी-रुंदी अशी छोटी करता येते. निसर्गनियम होत नाहीत. वजन घनाने घटतं. शहात्तरचा घन चार लाख अडतीस हजारांच्या वर जातो, म्हणून शंभर टनांचं इंजिन या प्रमाणात जेमतेम २२८ ग्रॅमचं व्हायला हवं. दोरीवरचं छोटं धुणं खऱ्या कापडाचं केलं तर ते ताठ उभं राहतं, लोंबत नाही, कारण त्याला खाली ओढायला वजनच नाही. खरं पाणी ओतलं तर ओढा न दिसता सांडलेलं पाणी दिसतं. म्हणून पाणी वार्निशच्या थरांनी करतात. काळा रंग तर कोणी सरळ बाटलीतून लावत नाही, कारण छोटं मॉडेल बघणं म्हणजे खरी वस्तू लांबून बघणं, आणि एवढ्या ‘अंतरावरून’ काळी वस्तू करडीच दिसते.

क्लबातले एक आजोबा डिडकॉटच्या कोळशाच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. आमच्या गावाची ओळखच ती होती. गाडीतून येताना मैलोन्‌मैल आधी शीतकरण मनोरे दिसायचे. तीन मनोरे २०१४ मध्ये पाडले, उरलेले तीन २०१९ मध्ये, आणि चिमणी फेब्रुवारी २०२० मध्ये. आजोबा आता ते केंद्र सिरियलच्या खोक्यांतून बांधताहेत. चिमणी दोनशे मीटरची. १:७६ मध्ये ती अडीच मीटरच्या वर जाते आणि त्यांच्या बैठकीचं छत आडवं येतं, म्हणून नाइलाजाने त्यांनी १:१४८ घेतलं. कुठल्याशा जिन्याचा कठडा पिवळा होता की करडा, यावरून त्यांचं आणि एका जुन्या सहकाऱ्याचं काही दिवस बोलणं बंद होतं. दोघांनी तिथे आयुष्य काढलेलं, रोज तोच जिना चढलेला. बघितलेलं आणि माहीत असलेलं यात किती अंतर असतं ते कळायला मला त्यांचं भांडण पुरलं.

तर मी गुहागर तालुक्यातलं आमचं घर बांधायला घेतलं.

फोटो भरपूर होते, पण सगळ्या फोटोंत माणसं घराच्या पुढे उभी. म्हणून काकांना फोन केला, ‘काका, ओटीची लांबी-रुंदी मोजून सांगाल का?’ दोन क्षण पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, ‘का गं, वाटण्या करायच्यात?’ कोकणात टेप बाहेर निघाली म्हणजे एक तर वाटणी, नाही तर विक्री. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या दोघातिघांनी काकूला विचारलंच, की पोरगी लंडनहून गिऱ्हाईक आणतेय का. (डिडकॉट म्हणजे लंडन नव्हे, हे सांगणं मी कधीच सोडून दिलंय.)

काकांना पुठ्ठ्याच्या भिंतीचा फोटो पाठवला तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला, आणि मग त्यांना चेव आला. पडवी, ओटी, माजघर, देवघर, खळ्याची उतरण, पायऱ्यांची उंची, सगळं वहीत लिहून वहीचे फोटो येऊ लागले. ओटी एका टोकाला जवळपास फूटभर अरुंद निघाली. आजोबांच्या वेळेपासून त्या ओटीवर माणसं बसली, जेवली, पत्ते कुटले. कोणाला पत्ता नव्हता. काकांचं म्हणणं, गवंडी पलीकडच्या वाडीतला होता.

आमचा चिरा सव्वा फूट लांब, म्हणजे पाच मिलिमीटर. पुठ्ठ्यावर गोंद, त्यावर हवेत सुकणाऱ्या मातीचा पातळ थर, तो अर्धवट ओला असताना चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने दाबला की जांभ्याची भोकं उमटतात. मग सुईने सांधे. जांभ्याचा रंग एका बाटलीत नाही. पावसाच्या बाजूची भिंत शेवाळून काळी पडते आणि कौलांच्या खाली, जिथे पागोळ्या पोचत नाहीत, तिथे ती लालच राहते.

कौलं मंगलोरी. मंगळूरला बाझल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला आणि तिथून ही कौलं किनाराभर पसरली. त्याआधी आपल्याकडे नळे किंवा पेंढा. एक कौल साधारण सव्वाफुटाहून थोडं लांब, छोटं केल्यावर पाच मिलिमीटरच्या आसपास. टेक-अवेच्या डब्याचा पातळ पत्रा बोल्टच्या आट्यांवर दाबून घासला की त्यावर बारीक पन्हळ्या उठतात. इकडे पन्हळी पत्रा असाच करतात. मी त्याच्या अरुंद पट्ट्या कापून एकावर एक चढवते. एकेक कौल सुटं लावणारे पेंडनचे लोक याला चोरी म्हणतील. म्हणू देत.

क्लबात सगळ्यांचा आक्षेप मात्र माडांवर होता. साठ फुटी माड म्हणजे चोवीस सेंटिमीटर आणि घर आढ्यापर्यंत जेमतेम सात. ‘झाडं फार मोठी झाली’, असं प्रत्येकाने हळूच सांगितलं. इथे ओक आणि एल्मसुद्धा निम्म्या उंचीचे लावायची पद्धत आहे, नाही तर घरं नजरेत भरत नाहीत. पण कोकणातलं घर नजरेत भरतच नाही. ते माडांच्या बुडाशी असतं. माड मी कमी केले नाहीत. झावळ्या थेम्सच्या काठावर पडलेल्या हंसांच्या पिसांच्या, कात्रीने दोन्ही बाजूंनी उतरत्या कापलेल्या. खोडाला तार आणि त्यावर मास्किंग टेपची वळी.

तुमच्यापैकी कोणाचं जुनं घर उतरवून स्लॅब टाकायचं चाललं असेल, तर त्याआधी एक दुपार काढा. अख्खं घर मोजता आलं नाही तरी चालेल. एक चिरा किंवा वीट, एक कौल, एक दार चौकटीसकट, दोन वाशांमधलं अंतर आणि जमिनीपासून पागोळीपर्यंतची उंची, एवढं मोजा. बाकीचं फोटोवरून निघतं, फक्त फोटो समोरून सरळ काढा आणि माणसांना बाजूला करा. भिंतीला टेकवून एक फूटपट्टी ठेवा. फूटपट्टी नसेल तर छत्री चालेल, मात्र छत्रीची लांबी तेवढी लिहून ठेवा.